चुडामण मिस्त्रींची तिसरी फेरी

चुडामण मिस्त्री कुठल्याही घरी वॉशिंग मशीन दुरुस्तीला गेले की पहिली दहा मिनिटं हत्यारांची पिशवी उघडत नाहीत. पाट मागतात, मशीनसमोर बसतात, मशीन चालू करायला सांगतात आणि ऐकत राहतात. पाणी सुरू झाल्याचा आवाज, मोटार लागल्याचा आवाज, मध्येच एखादा खट्ट. घरातल्या बाईला वाटतं, म्हातारा झोपला की काय. मग ते डोळे उघडतात आणि बहुतेक वेळा नेमक्या जागी हात घालतात.

वय एकसष्ट. पूर्ण नाव चुडामण रुपचंद बडगुजर, गाव अमळनेर तालुक्यातलं. दहावीनंतर ते अमळनेरच्या एका तेलगिरणीत फिटरच्या हाताखाली लागले. गिरणी बंद पडली तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि ते स्वतः फिटर झाले होते. धुळ्याला येऊन त्यांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, मग कूलर, मग मिक्सर. शहरात घरोघरी वॉशिंग मशीन आलं तसं तेही शिकले. शिकवलं कोणी नाही. पहिलं मशीन उघडलं ते मेहुणीचं. जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले आणि मशीन तरीही चाललं. मेहुणी अजून विचारते, "भाऊजी, माझे चार स्क्रू कधी देता?"

देवपूरमध्ये त्यांचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. कंपनीची माणसं पार्ट बदलतात, चुडामण मिस्त्री दोष शोधतात. त्यांना स्वतःलाही या फरकाचा अभिमान होता. दोष सापडला नाही असं तीस वर्षांत क्वचितच घडलं, आणि घडलं तेव्हा तसं म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यासाठी सगळ्याच मिस्त्र्यांकडे एक शब्द असतो: हाताळणी. मशीन ठीक आहे, हाताळणीत काहीतरी होतंय. गिऱ्हाइकाचं समाधान होतं, मिस्त्रीची अब्रू राहते, आणि मशीन हाताळणारं माणूस बहुधा त्या खोलीत बोलायच्या जागी नसतं.

अभयकुमार छाजेड हे सरकी-पेंडेचे व्यापारी. देवपूरमध्ये त्यांचं दुमजली घर आहे. खाली माल, वर कुटुंब. वर मागच्या गॅलरीत मशीन आहे. तीन वर्षांपूर्वी ते चुडामण मिस्त्रींनीच बसवलं. मशीन लावायच्या त्या मंदाबाई. शिरपूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन धुळ्यात आलेल्या, वय चोपन्न, नवरा बाजार समितीत हमाली करायचा, तो वारला. छाजेडांच्या घरी अकरा वर्षं काम. सकाळी आठला यायच्या, कपडे मशीनमध्ये टाकून बटण दाबायच्या आणि भांड्यांना बसायच्या.

आषाढात एका सकाळी मशीन भरतच राहिलं. पाणी टबाच्या कडेवरून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात आणि जिन्यातून पेंडेच्या पोत्यांपर्यंत गेलं. मंदाबाईंचं लक्ष गेलं तेव्हा गच्चीवरची टाकी निम्मी झाली होती. त्या भागात नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं. चुडामण मिस्त्री आले. टबात पाणी किती चढलं हे एका बारीक रबरी नळीतल्या हवेच्या दाबावरून मशीनला कळतं. त्या नळीत त्यांना साबणाचा गाळ सापडला. नळी साफ केली. मशीन चाललं. ते समाधानाने घरी गेले.

श्रावणात तेच पुन्हा घडलं. या खेपेला टाकी पूर्ण रिकामी झाली. गल्लीतून पाण्याचा ओहोळ गेला, समोरच्या घरातली भूमिका आणि आणखी एक शेजारीण जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. चुडामण मिस्त्रींनी टाकीत बादल्यांनी पाणी ओतून मशीन चार वेळा भरलं, मग शेजारून टाकीत नळी सोडून दोनदा भरलं. सहाही वेळा पाणी नेमक्या रेषेवर थांबलं. भरताना प्लग काढून पाहिला. अशा मशीनची ही पहिली परीक्षा. वीज तोडल्यावर पाणी थांबलं तर आत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह धड आहे आणि दोष विजेच्या बाजूला आहे; वीज तोडूनही पाणी येत राहिलं तर व्हॉल्व्हच मिटत नाही. पाणी थांबलं. मग विजेची बाजू तपासली. तीही धड होती.

"मग पाणी गेलं कसं, चुडामणजी?" अभयकुमारांच्या पत्नी मोहिनी दारात उभ्या होत्या. "परवापर्यंत नळ नाही. घरात नऊ माणसं. भांडी कशी घासायची, आंघोळी कशा करायच्या?"

मिस्त्रींनी पक्कड पिशवीत टाकली. जिन्यावरच्या दोघी ऐकत होत्या.

"मशीनमध्ये दोष नाही, भाभी. हाताळणीत काहीतरी होतंय."

मंदाबाई पोतेरं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी तर रोजचंच बटण दाबलं."

"एखाद्या वेळी बोट दुसरीकडे पडतं," मिस्त्री पिशवीची दोरी आवळत म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

मोहिनी आरडाओरडा करणाऱ्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदाबाईंचा हिशेब केला आणि काही दिवस येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात भूमिकानेही तिच्याकडचं काम बंद केलं. गल्लीतली आणखी दोन घरं होती; त्यांनी मंदाबाईंना भांड्यांना ठेवलं, पण मशीनला हात लावू नको म्हणून बजावलं. चुडामण मिस्त्रींना यातलं काही कळलं नाही. ते त्या गल्लीत पुन्हा गेले नव्हते.

तिसऱ्यांदा फोन आला तो आश्विनात. मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडे एका मशीनचा पट्टा बदलत होते.

"चुडामणजी, पुन्हा भरतंय. मी स्वतः लावलं आहे. समोर उभी आहे."

"भाभी, नळ बंद करू नका. फक्त प्लग काढा. मी आलोच."

"अहो, पाणी चाललंय!"

"बादल्या लावा. पाच मिनिटं."

ते सायकलवरून आले. प्लग फरशीवर पडला होता आणि पाणी टबात धो धो पडत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोष त्यांच्यासमोर उभा होता. त्यांनी नळ बंद केला, मशीन भिंतीपासून ओढलं आणि व्हॉल्व्ह काढला.

दुसऱ्या कोणी तो फेकून नवा बसवला असता. चुडामण मिस्त्रींनी तो उघडला. आत रुपयाएवढा रबरी पडदा असतो. तो खाली बसला की पाणी बंद. पडद्याच्या खाली, अगदी त्याच्या बैठकीवर, बोटाच्या पेराएवढा एक धागा आडवा पडला होता. पांढरा, जाडसर, हाताने कातल्यासारखा. त्यांनी तो सुईने उचलून तळहातावर घेतला. धागा आडवा आला की पडदा मिटणार नाही. पाण्याच्या झोताने धागा पुढे वाहून गेला की पडदा पुन्हा मिटेल, आणि तपासणाऱ्याला काही सापडणार नाही. श्रावणात हेच झालं होतं.

"कपड्यांचा दोरा असेल," मोहिनी म्हणाल्या.

"कपडे टबात असतात, भाभी. ही वाट टबाच्या आधीची आहे. इथं फक्त नळाचं पाणी येतं."

म्हणताना ते स्वतःच थांबले. मग उठून नळाकडे गेले आणि नळीचा प्लास्टिकचा नट हाताने उकलला. आत रबरी वॉशरच्या वर, दुहेरी घडी घालून, जाड सुती कापडाची गोल चकती बसवलेली होती. कात्रीने कापलेली. कडा न शिवलेल्या, आणि कडेने धागे सुटलेले.

"हे काय?" मोहिनींनी विचारलं.

"ते माझं आहे."

आवाज मागून आला. अभयकुमारांच्या आई चंद्रकांता वॉकर धरून गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. पंधराव्या वर्षी लग्न होऊन मारवाडातून खानदेशात आल्या, तेव्हापासून न गाळलेलं पाणी त्यांनी कधी प्यायलं नाही. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते फडक्यावर धरायचे आणि उलट बाजूने पाणी ओतून जिथले तिथे परत सोडायचे, एवढा साधा जैन नियम. स्वतःचे कपडेही त्या गाळलेल्या पाण्यात हाताने धूत. वैशाखात पडून मनगट मोडलं आणि त्यांचे कपडे घरच्यांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये जाऊ लागले. आषाढात चातुर्मास लागला. पहाटे सामायिक, म्हणजे घटकाभराचं ध्यान, आटोपलं की घर उठायच्या आत त्या नळाशी जाऊन चकती बसवत, आणि कपडे वाळत पडले की काढून तिच्यावर उरलेलं कुंडीतल्या पाण्यात सोडत. दर पंधरवड्याला नवी चकती कापत.

"सांगितलं का नाही, मम्मीजी?"

"तुम्ही म्हणाला असता, राहू द्या. मी राहू दिलं असतं," चंद्रकांता म्हणाल्या. मग मिस्त्रींकडे वळल्या. "पण फडकं पाणी अडवतं ना? वाढवेल कसं?"

मिस्त्रींनी तळहात पुढे केला. धागा दाखवला, पडदा दाखवला, धागा कुठे अडकतो ते सुईच्या टोकाने दाखवलं. त्या वाकून पाहत होत्या. समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे पहिल्या वेळीही?"

"नळी साफ केली मी. गाळ होता खरा. पण पाणी वाढलं ते यानेच असणार."

"आणि दुसऱ्या वेळीही."

"हो, माजी."

चंद्रकांतांनी गॅलरीत इकडेतिकडे पाहिलं. "मंदा," एवढंच म्हणाल्या आणि खोलीकडे वळल्या. वॉकरचा आवाज पॅसेजभर ऐकू येत राहिला.

मिस्त्रींनी तेव्हा विचारलं, "मंदाबाई दिसत नाहीत."

"श्रावणातच बंद केलं," मोहिनी म्हणाल्या. "तुम्हीच तर म्हणालात, हाताळणी."

मिस्त्री पुन्हा व्हॉल्व्हपाशी बसले.

मोहिनींनी दार लोटलं. आवाज खाली आणला. "चुडामणजी, एक ऐका. नळातून कचरा आला होता, एवढंच म्हणा. गल्लीत मम्मीजींचं नाव निघायला नको. या वयात त्यांच्या नियमावर लोक हसतील. मंदाचं मी बघते हळूहळू."

मिस्त्रींनी मान हलवली. व्हॉल्व्ह धुऊन जागेवर बसवताना त्यांचं बोट त्याच्या तोंडाशी गेलं आणि तिथेच राहिलं. तिथे एक खाच असते. कंपनी त्या खाचेत नखाएवढी प्लास्टिकची जाळी बसवून देते. नळातून काहीही आलं, रेती, क्षाराचा खडा, धागा, तर ते जाळीवर अडतं आणि पडद्यापर्यंत पोचत नाही. खाच रिकामी होती. जाळी त्यांनीच काढली होती, तीन वर्षांपूर्वी, मशीन बसवताना.

ही धुळ्याची रीत. टाकी गच्चीवर, मशीन तिच्या खाली दहा फुटांवर. पाण्याला दाब नसतो. त्यात बोअरचं पाणी मिसळलं की क्षाराने जाळी महिन्यात बुजते. मग फोन येतात, मशीन भरायला अर्धा तास लागतो म्हणून. त्यामुळे इथला मिस्त्री खोक्याच्या पट्ट्या कापतो तितक्या सहज पक्कडीने जाळी ओढून काढतो. गिऱ्हाइकाला सांगतही नाही. पाणी भरभर आलं की गिऱ्हाईक खूश असतं.

त्या वेळी घरात दोघीच होत्या आणि दोघींनाही त्या खाचेचा अर्थ कळणार नव्हता. मिस्त्रींनी मशीन भिंतीला लावलं, एकदा चालवून दाखवलं आणि निघून आले.

घरी त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा डबा खाली काढला. काढलेल्या जाळ्या ते त्यात टाकत आले होते. चांगली वस्तू फेकायची नाही, ही गिरणीतली सवय. डबा पाऊण भरला होता. त्यांची पत्नी कामिनी पालेभाजी निवडत होती.

"दिवाळीले तोरण करतस का यास्नं?" तिने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही.

"दोष म्हातारीवर गया, मंदाबाईवर गया. तुमनावर काही गया नही," ती म्हणाली. "बरं साधं तुमले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मंदाबाईंच्या घरी गेले. पांझरा नदीच्या अलीकडे, पत्र्याची दोन खणांची खोली. सकाळचं काम आटोपून मंदाबाई ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. दोघं एकमेकांशी अहिराणीतच बोलत.

"मंदाक्का, मशीनमधला दोष सापडी गया."

"कोनी चूक व्हती?"

मिस्त्रींनी धाग्याचं सांगितलं. नळाच्या नटात चंद्रकांता लावत होत्या त्या फडक्याचं सांगितलं.

"ते फडकं माले माहीत शे," मंदाबाई म्हणाल्या. "माजी लावतस. मी दखेल शे."

मिस्त्रींना एवढं अपेक्षित नव्हतं. "मंग सांगं काब्र नही?"

"माले कोनी इचारं?" मंदाबाईंचा आवाज चढला नाही. "तुम्ही दोन डाव उनात. बठ्ठं मशीन उकलीसन देखं. जी बाई रोज ते मशीन लावस, तिले एक सबद तरी इचारा का? फडक्यानं पानी वाढस, हाई माले काय माहीत? इचारतात त मी सांगतू. इतलंच व्हतं."

खरोखर इतकंच होतं. रोज काय करता, नळाला काय लावता, कोण येतं-जातं. श्रावणात दोन प्रश्न विचारले असते तर फडकं त्याच दिवशी हाती आलं असतं. मिस्त्रींनी मशीनला दहा मिनिटं ऐकलं होतं. बाईला ऐकलं नव्हतं.

"आजून एक शे," ते म्हणाले. त्यांनी जाळीचं सांगितलं. जाळी काय असते, कुठे असते, ती कोणी काढली.

मंदाबाई ऐकून घेत होत्या. "हाई भाभीले सांगं?"

"नही."

"मंग माले कसाले सांगतस? मी का मशीन दुरुस्त करस?"

मंदाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही.

"दर साल पजुसण सरनं का माजी मन्हा पुढे हात जोडतस," त्या म्हणाल्या. "वरीसभरमा माले काही लागेल व्हई त माफ कर म्हनतस. अकरा वरीस. इतली मोठी बाई. औंदा त्यास्नी हात जोडं तवय मी त्या घरमाच नव्हती." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "काम माले भेटी गयं. काम भेटस. पण भूमिकाबाई बाजारमा दिसनी का पिशवी दुसऱ्या हातमा लेस. जशी काय मी चोरी करी. जठे म्हनात ना भाऊ, तठेच जाईसन म्हना. मी येस संगे."

अकराच्या सुमारास दोघं छाजेडांच्या जिन्याशी पोचले. मिस्त्री सायकल हातात धरून चालत आले होते, मंदाबाई त्यांच्या चार पावलं मागे. वर मोहिनींनी दार उघडलं. आधी मिस्त्री दिसले, मग मंदाबाई. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मिस्त्रींसाठी होता.

"भाभी, मी काल पूर्ण सांगितलं नाही," मिस्त्री उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "माजींच्या फडक्याने मशीन बिघडलं नसतं. व्हॉल्व्हच्या तोंडाशी जाळी असते. धागा तिथं अडला असता. ती जाळी मशीन बसवताना मी काढली. पाणी लवकर भरावं म्हणून. तुम्हाला विचारलं नाही. आणि श्रावणात मला दोष सापडला नाही, तेव्हा सापडला नाही असं न म्हणता मी मंदाबाईंवर ढकललं. मंदाबाईंनी काही केलेलं नाही."

"तीन वर्षं आम्ही त्या मशीनवर विश्वास ठेवून बाहेर जात होतो," मोहिनी म्हणाल्या.

"हो, भाभी."

"आणि आणखी किती घरांत काढल्यात?"

"जितकी मशीनं बसवली तितक्या."

वॉकरचा आवाज जवळ आला. चंद्रकांता बाहेरच्या खोलीत येऊन पोचल्या. उभं राहणं त्यांना जड जात होतं. त्यांनी एक हात वॉकरवरून काढला, मग दुसरा, आणि दोन्ही हात जोडले. आधार सुटल्याने त्या किंचित डोलल्या. मंदाबाई उंबरा ओलांडून पुढे झाल्या आणि त्यांना कोपराशी धरलं.

"आधी बसा, माजी. पडाल."

"ऐकून घे, मंदा."

"बसून सांगा. मी ऐकते."

चंद्रकांता खुर्चीवर बसल्या. जे दरवर्षी पर्युषण संपल्यावर म्हणत तेच शब्द म्हणाल्या, पण त्या शब्दांपुढे त्यांनी या खेपेला कारण जोडलं: माझ्या नियमापायी तुला बोल लागला, मला माहीत नव्हतं, तरी तो माझाच. मंदाबाई मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांनी मागे राहिलेला वॉकर उचलून चंद्रकांतांच्या हाताशी ठेवला.

मोहिनींचा स्वर बदलला होता. "मंदा, उद्यापासून ये. आधीसारखं."

"सकाळ-दुपारची वेळ आता दिली, भाभी. मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करते. पुलापलीकडे." मग त्या म्हणाल्या, "एक काम करा. भूमिकाबाईंना फोन लावा."

"आत्ता?"

"मी इथं आहे तोवर."

मोहिनींनी सासूकडे पाहिलं. चंद्रकांता म्हणाल्या, "लाव." मोहिनींनी फोन लावला. समोरच्या घरातली घंटी खिडकीतून ऐकू येत होती.

"भूमिका, मी मोहिनी. अगं, ते आमच्या मशीनचं... पाणी वाहिलं होतं बघ श्रावणात. हो, तेच. ती मंदाची चूक नव्हती. नाही, खरंच नव्हती. मशीनमध्येच दोष होता."

"मशीनचा नाही म्हणा," मंदाबाई हळू म्हणाल्या. "मिस्त्रीचा म्हणा."

मोहिनी अडखळल्या. चुडामण मिस्त्रींनी दारातून होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे मिस्त्रीकडून चूक झाली होती," मोहिनी फोनवर म्हणाल्या. "आणि आमच्याकडूनही. मम्मीजी पाणी गाळून घेतात, त्या फडक्याचा धागा गेला आत. हो. नाही, कोणी सांगायला लावलं नाही. मंदा इथंच आहे." पलीकडून काहीतरी बराच वेळ बोललं गेलं. "हो, तुझ्याकडेही मशीन चुडामणजींनीच बसवलंय. ते तू त्यांनाच विचार."

मोहिनींनी फोन ठेवला. मंदाबाईंनी पदर सारखा केला, चंद्रकांतांना "येते, माजी" म्हणाल्या आणि निघाल्या. दारात मिस्त्रींपाशी त्या थांबल्या.

"आते भूमिकाबाई तुमले काम नही देवाव," त्या म्हणाल्या.

"नही देवाव."

"आनखी दोन-चार घरंबी जातीन."

"जातीन."

मंदाबाईंनी मान डोलावली, जणू हिशेब बरोबर आहे, आणि जिना उतरून गेल्या.

मिस्त्री आत आले. मोहिनींनी त्यांना अडवलं नाही आणि पाटही दिला नाही. ते उकिडवे बसले, व्हॉल्व्ह काढला, खिशातल्या कागदाच्या पुडीतून जाळी काढून खाचेत दाबून बसवली. चंद्रकांता वॉकर टेकत दाराशी आल्या होत्या.

"या जाळीने पाण्यातले जीव वाचतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, माजी. जाळीने फक्त मशीन वाचतं."

"मग माझं फडकं?"

"लावा. फक्त कडा शिवून घ्या. आणि भाभींना सांगून लावा."

त्यांनी मशीन भिंतीला लावलं, नळ सोडला आणि बटण दाबलं. पाणी करंगळीएवढ्या धारेने पडू लागलं. मोहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. टब निम्माही भरला नव्हता.

"रोज एवढा वेळ लागणार?"

"रोज लागेल, भाभी. आणि महिन्यातून एकदा जाळी काढून घासायची. मी दाखवून ठेवतो. मशीन कोण लावणार आहे?"

"सध्या मीच."

"मग इकडे या," मिस्त्री म्हणाले, आणि मोहिनी येऊन त्यांच्याजवळ वाकल्या.

टब भरायला चोवीस मिनिटं लागली. पाणी रेषेवर थांबलं. तोवर मंदाबाई पांझरेचा पूल ओलांडून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या आणि दुपारच्या कणकेला बसल्या होत्या.